गळ्यातली चांदी आणि चारशे व्होल्ट

मेलेली बॅटरी मेलेली नसते. एवढं एक वाक्य ज्याला पटलं, त्याला माझं अर्धं काम समजलं. उरलेलं अर्धं हातानं शिकावं लागतं, आणि शिकेपर्यंत हात जाग्यावर ठेवावे लागतात.

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला माझं बॅटरीचं दुकान आहे. शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी घरात बोललो आणि वाचायला शिकलो उदगीरच्या दुकानांच्या पाट्यांवरून. या अंकाचे संपादक गाडीची बॅटरी बदलायला थांबले होते, माझी बडबड ऐकून म्हणाले, हे लिहून द्या. म्हटलं, देतो, पण माझ्या वाक्यांना इस्त्री करायची नाही. त्यांनी मान हलवली. आता छापून आल्यावर बघू.

ज्यांना वाटतं की लिथियमची मोठी बॅटरी खोलणं फक्त शिकलेल्या माणसाचं काम आहे, त्यांनी हे वाचावं. ज्यांना वाटतं की कुणीही पाना घेऊन बसावं आणि खोलावी, त्यांनी तर वाचावंच. पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसलो ते तिसऱ्याच लोकांसाठी. आमच्या लिंगायत समाजात गेल्या वर्षापासून एक बोलणं फिरतंय, की काशप्पा मिस्त्रीनं बॅटरीच्या कामासाठी गळ्यातलं लिंग उतरवलं. लग्नात माझ्या शेजारी पाट रिकामा राहतो. तोंडावर कुणी विचारत नाही. मग मीच सांगतो काय झालं ते.

आधी धंदा समजून घ्या.

मी सुरुवात केली शिशाच्या बॅटरीपासून. ट्रॅक्टरची, लॉरीची. त्यात तेजाब. तेजाबानं माझ्या आयुष्यातल्या सगळ्या पँटींना भोकं पाडली, पण ती बॅटरी सरळ माणसासारखी. रागावली तर आधी फसफसते, वास सोडते, तुम्हाला पळायला वेळ देते. लिथियमचं तसं नाही. ती गप्प असते. बाहेरून लोखंडी पेटी, आत एकाला एक चिकटून बसलेले सेल, डोक्यावरून तांब्याच्या पट्ट्या एका सेलचा हात दुसऱ्याच्या हातात देतात. आणि या सगळ्यांवर एक राखणदार, त्याला बीएमएस म्हणतात. हिरवी पाटी, तळहाताएवढी. तिच्यातून केसासारख्या बारीक तारा प्रत्येक सेलला गेलेल्या असतात. कुणाचं पोट जास्त भरलं, कुणाचं रिकामं, कुणाला ताप आला, हे ती सारखं विचारत असते. कुठं काही बिघडलं की दार लावून घेते. बाहेर करंट देत नाही, घेत नाही.

आता इथंच लोक फसतात. दार लागलं की बाहेर मीटरवर शून्य दिसतं. लोक म्हणतात, मेली. अरे बाबा, राखणदार झोपला किंवा मेला म्हणून घरातलं धान्य संपतं का? आत सगळं भरलेलं असतं. फक्त विचारणारा कुणी उरलेला नसतो.

आमच्या गावात बाबूमियाँ म्हणून भंगारवाले आहेत. एकदा मोबाईल टॉवरच्या चार पेट्या घेऊन आले आणि दुकानासमोरच एक उलटी करून कुऱ्हाड मागवली. मी ओरडलो तर म्हणतात, "मरी सो बॅटरी है चचा, क्या करती अब?"

"काय करती ते बघायचं असंल तर तुमच्या अंगणात नेऊन बघा. माझ्या दुकानासमोर न्हाई."

"तुमे तो डरते बहुत."

"व्हय, डरतो. म्हणून दोन्ही हातांनी जेवतो."

मी मीटरचं टोक आतल्या पट्टीवर टेकवून दाखवलं. आकडा बघून त्यांनी कुऱ्हाड हळूच मागं घेतली, जणू ती त्यांची नव्हतीच. आज ते स्वतः एक पेटीही खोलत नाहीत, सगळ्या माझ्याकडे आणतात. आणि गिऱ्हाइकांना सांगतात की काशप्पाला मी शिकवलं. सांगू द्या.

दुसरा एक शेतकरी चिंताकीहून आला. फवारणीच्या पंपाची बॅटरी फुगली म्हणून त्यानं तिच्यावर पाटा ठेवला होता, सपाट व्हायला. पापड आहे का ती? फुगलेला सेल म्हणजे आत वायू साचलेला. त्याला दाबायचं नाही, टोचायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. उघड्यावर, कोरड्या वाळूत, माणसांपासून लांब. एवढंच. हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग एवढ्याचे पैसे कामून घेता?" त्याला चहा पाजून पाठवला.

माझा भागीदार गौतम. वीस वर्षं झाली आम्हाला एकत्र. तो सातवी शिकलेला, म्हणून पेटीवरचं बारीक इंग्रजी तो वाचतो आणि मी हात चालवतो. बाबासाहेबांच्या माणसांत वाढलेला, वाद घालायला एक नंबर. दुकानातले नियम आम्ही दोघांनी मिळून केले. खोलताना एकच हात चालेल, दुसरा पाठीमागं. पान्याच्या दांड्याला दोन थर टेप. पायाखाली रबराची चटई. एक माणूस खोलणार, दुसरा वाळलेली बांबूची काठी घेऊन उभा राहणार, पहिला चिकटला तर त्याला काठीनं ढकलायला. हातानं नाही, नाहीतर दोघं जातात. आणि अंगावर धातू नाही. अंगठी नाही, घड्याळ नाही, करदोडा चांदीचा असेल तर तोही नाही. गौतमच्या मनगटात लग्नातलं कडं होतं. रोज सकाळी तो ते काढून दुकानाच्या खिळ्याला अडकवतो, संध्याकाळी घालतो.

आणि मी? माझ्या गळ्यात लिंग. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की अय्या, म्हणजे मठाचे गुरू, येऊन त्याच्या अंगाला लिंग बांधतात. ते मरेपर्यंत अंगावर राहतं, मेल्यावर माणसाबरोबर मातीतच जातं. रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन पूजा, परत गळ्यात. उतरवून खिळ्याला अडकवायची ती वस्तू नाही. माझं लिंग चांदीच्या डबीत, डबी चांदीच्या साखळीत. नियम मीच केला आणि नियमातून मीच सुटलो.

गौतम सोडत नसे. "काशप्पा, ही डबी एक दिवस तुला घेऊन जाईल."

"तुम्हा लोकांच्या गळ्यात काही न्हाई, तुम्हाला बोलायला सोपं हाय."

"माझं कडं खिळ्याला लटकतंय. संसार मोडला का माझा?"

"कडं आणि लिंग एक हाय का रे?"

"न्हाई. पण करंटला कुठं कळतंय ते?"

आणि तसंच झालं एकदा. बीदरच्या एका ऑटोची बॅटरी खोलत होतो. वाकलो, शर्टाचं बटण तुटलेलं, डबी बाहेर लोंबली आणि बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये बसली. जो उजेड झाला तो मी अजून डोळे मिटले की बघतो. साखळी क्षणात तापून लाल. गौतमनं बांबू घालून डबी उडवली. छातीवर चिंचोक्याएवढा डाग राहिला. डबीचा एक कोपरा वितळला, तो मी बीदरच्या सोनाराकडून भरून घेतला. बायकोला सांगितलं, शेजारच्या वेल्डिंगची ठिणगी. गावालाही तेच. गौतमनं कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी काय केलं? डबी बनियनच्या आत घातली आणि वरून जुन्या ट्यूबच्या रबराचा पट्टा बांधला. म्हटलं, झालं. हट्टी माणसाला पळवाट सापडली की त्याला ती अक्कल वाटते.

आता गुलबर्ग्याची गोष्ट.

शहराबाहेर मल्लण्णांची तुरीच्या डाळीची मिल आहे. मल्लण्णा आमच्याच समाजाचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ठसठशीत, मठाच्या प्रत्येक कामात पुढं. मिलमधली शिशाची बॅटरी वर्षानुवर्षं मीच बघायचो. मग त्यांनी छपरावर सोलर टाकलं आणि त्याला लिथियमची मोठी बॅटरी बसवली. कपाटाएवढी. लोखंडी मांडणीत एकावर एक आठ पेट्या, प्रत्येक पेटीत सोळा सेल. एक पेटी एकावन्न-बावन्न व्होल्टची. आठ पेट्या एका माळेत ओवल्या की चारशेच्या वर. घरातला दोनशे तीसचा झटका माणसाला फेकून देतो. हा तसा फेकत नाही, धरून ठेवतो. हे लक्षात ठेवा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटाला मिलमागचा नाला फुगला आणि बॅटरीच्या खोलीत पाणी शिरलं. सगळ्यात खालची पेटी अर्धी बुडाली. पाणी ओसरलं, खोली वाळली, पण तिसऱ्या दिवशी खोलीत गोडसर वास यायला लागला, नेलपॉलिशसारखा. खालची पेटी फुगून मांडणीच्या चौकटीत अडकली. भिंतीपलीकडं तुरीच्या पोत्यांचं गोदाम, आणि त्याला लागून पत्र्याच्या खोल्यांत हमालांची सात बिऱ्हाडं. मल्लण्णांनी कंपनीलाही फोन लावला आणि मलाही.

मी आणि गौतम हुमनाबादवरून बसनं पोचलो तर कंपनीची इंजिनिअर आधीच लॅपटॉप लावून बसलेली. प्रज्ञा नाव. औराद तालुक्यातली पोरगी, शिकून आता गुलबर्ग्यात नोकरीला. मला बघून मल्लण्णांना म्हणाली, "हे कोण?"

"आमचे मिस्त्री हायेत. जुने."

"सर, ही ट्रॅक्टरची बॅटरी नाही."

मी म्हटलं, "व्हय बाई, दिसायलंय. ट्रॅक्टर कुठंच दिसंना."

गौतम हसला, ती नाही हसली. लॅपटॉप माझ्याकडं वळवून म्हणाली, "बघा अप्पा, बीएमएसनं सिस्टीम बंद केली आहे. बाहेरच्या दोन्ही टोकांवर शून्य व्होल्ट. म्हणजे सेफ आहे. मी केबल काढते, पेट्या उतरवू." आणि तिनं मधल्या केबलकडं हात नेला. हातमोजे घातलेले होते, पण पातळ, डॉक्टर तपासताना घालतात तसले.

"बाई, हात मागं."

"अप्पा, मी इंजिनिअर आहे."

"असशील. हात मागं."

तिचा चेहरा लाल झाला. मल्लण्णा मध्ये पडायला लागले, "काशप्पा, त्या कंपनीच्या हायेत..." मी ऐकलं नाही. मीटर काढलं आणि म्हटलं, "तुझं शून्य कुठलं? शेवटच्या दोन टोकांचं. राखणदारानं मुख्य दार लावलंय, म्हणून दाराबाहेर शून्य. मी आत मोजतो." वरून तिसऱ्या पेटीच्या दोन बोल्टांवर टोकं टेकवली. बावन्न. चौथीवर बावन्न. सातवीवर बावन्न. मग पहिलीपासून सातवीपर्यंत माळ मोजली. आकडा साडेतीनशेच्या वर गेला.

तिनं वाकून आकडा दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिसरी शिकलेल्या माणसाला असा आनंद वरचेवर मिळत नाही. पण तिनं एक गोष्ट केली जी मी तिच्या वयाचा असताना केली नसती. लॅपटॉप मिटला, म्हणाली, "बरोबर आहे अप्पा. माझं चुकलं. तुम्ही सांगा कसं करायचं, मी लिहून घेते."

मग आधी मल्लण्णांशी भांडण. मी म्हटलं, हमालांची बिऱ्हाडं हलवा, शाळेच्या मैदानावर, काम संपेपर्यंत. ते म्हणाले, "अरे, हंगामाचे दिवस हायेत. मिल थांबवायची का?"

"मिल थांबवायची आणि गोदामाची भिंतीकडची पोतीपण हलवायची."

"काही होत न्हाई रे काशप्पा. देव हाय."

"देव हाय म्हणूनच वास आधी पाठवला त्यानं. आग न्हाई पाठवली."

बिऱ्हाडं हलली. एका म्हातारीनं चुलीवरची भाकरी तव्यासकट उचलून नेली. वाळूचे चार डबे भरून ठेवले. बाहेर मोकळ्या जागेत वाळूनं भरलेला पिंप. प्रज्ञानं गाडीतून जाड रबरी मोजे आणले, खऱ्या कामाचे. सोलरचा खटका पाडला, मिलकडं जाणारा पाडला. सगळं तयार झालं. गौतमनं आपले खिसे रिकामे केले, तिनं कानातले काढले, घड्याळ काढलं. आणि मग ती माझ्याकडं वळली.

"अप्पा, आता तुमची पाळी. गळ्यातलं."

"ते बनियनच्या आत हाय. वर रबर बांधलंय."

"बनियन घामानं ओली आहे. साखळी चांदीची आहे ना? मधली केबल तुमच्या छातीच्या उंचीवर आहे. खालच्या पेटीवर तर तुम्हाला पालथं वाकायचंय. मी नाही करू देणार."

"हे निघत नसतं, पोरी. तुला कळायचं न्हाई."

"मग तुम्ही काम करू नका. मी करते."

आता बघा, मी तिला शून्यावर पकडलं होतं, तिनं मला चांदीवर पकडलं. तिनं लॅपटॉपवर विश्वास ठेवला, मी रबराच्या पट्ट्यावर. दोघांची चूक एकच. आणि तिला ते काम येत नव्हतं. पहिल्यांदाच चारशे व्होल्टच्या माळेसमोर उभी होती, तिचे हात मी बघितले होते. माझं ऐकून ती मागं सरली असती तर मी तसाच वाकलो असतो. ती सरली नाही.

मल्लण्णा पुढं आले. सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "काशप्पा, लिंगाला हात लावू नको. मिल जळली तर जळू दे. धर्म मोठा हाय."

मिल त्यांची होती, जळू दे म्हणायचा त्यांना हक्क. पण पत्र्याच्या खोल्या हमालांच्या होत्या. भांडी, पेट्या, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे कपडे, सगळं आतच होतं. आणि वाकणार होतो मी.

मी गौतमकडं बघितलं. वाटलं, आता म्हणेल, मी सांगत नव्हतो का. तो बांबूची काठी घेऊन आपल्या जागेवर उभा राहिला, माझ्या उजव्या हाताला, नेहमीसारखा. मी तसाच वाकलो असतो तरी तो उभा राहिला असता. ते मला सहन झालं नाही.

मी बाजूला एका पोत्यावर बसलो आणि डबी बाहेर काढली. किती वर्षांनी ती उजेडात नीट बघितली असेल. ही चांदी कुठून आली? माझ्या बापाच्या गळ्यात चांदी नव्हती. तो दुसऱ्याच्या शेतात राबायचा, त्याचं लिंग साध्या सुती कापडात गुंडाळलेलं, दोऱ्यात. आज्याचंही तसंच. दुकान चालायला लागल्यावर पहिल्या वर्षी बीदरच्या सोनाराकडून ही डबी मी करून घेतली. लग्नाकार्यात शर्टाबाहेर दिसावी म्हणून साखळी जरा लांब घेतली होती. म्हणजे इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी गौतमशी भांडलो, छाती भाजून घेतली, बायकोशी खोटं बोललो, त्यातलं देवाचं किती आणि माझं किती?

लिंग दगडाचं, वरून काळा लेप. त्यात धातू नाही. धातू सगळा माझा होता.

मी मल्लण्णांना म्हटलं, "अण्णा, एक स्वच्छ कापड द्या. सुती."

ते हलले नाहीत. एका हमालाच्या बायकोनं धुतलेल्या धोतराचा तुकडा फाडून आणून दिला. दोन्ही हात पाण्यानं धुतले, कपाळाला विभूती लावली. डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळे मिटले. पूजा करताना जेवढा वेळ ते तळहातावर असतं, तेवढाच वेळ होतं. मग कापडात गुंडाळलं, सुती दोऱ्यानं घट्ट बांधलं आणि गळ्यात घालून काखेखाली आवळून घेतलं. ते अंगापासून एक क्षण सुटलं नाही. चांदीची डबी आणि साखळी पोत्यावर ठेवली.

मल्लण्णा म्हणाले, "हे चुकीचं करायलास तू."

"अण्णा, लिंग गळ्यात हाय. उतरवली ती चांदी."

ते मठाच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. मी कामाला लागलो.

काम कसं झालं ते सांगतो, कारण पुढं कुणाला उपयोग व्हावा. माळ आधी मध्ये तोडायची, टोकाला नाही. चौथी आणि पाचवी यांच्यामधली केबल एका हातानं सैल केली, काढली, लगेच तिच्या तोंडावर रबरी टोपी. चारशेचे दोनशे-दोनशे झाले. मग परत मध्ये. असं करत प्रत्येक पेटी एकटी पडली. बावन्न व्होल्टची एकटी पेटी माणसाला सहसा मारत नाही, पण तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर पाना वितळतो. म्हणून प्रत्येक टोकाला टेप. वरच्या सात पेट्या दोन-दोन हमालांनी बाहेर नेल्या.

उरली खालची. ती ओढून काढावी तर आतला फुगलेला सेल चौकटीवर घासून फाटणार. म्हणून जागेवरच झाकण उघडलं. तोंड बाजूला ठेवून, दारं-खिडक्या उघड्या. गोड वासाचा लोट आला, थांबलो, वारा खेळू दिला. बीएमएसच्या पाटीवर पाण्यानं गंज चढलेला. इथं एक क्रम आहे, तो चुकला तर ठिणगी पडते. बाहेर जाणाऱ्या तारा आधी. मग बारीक तारांचा जोड अलगद ओढून सोडवायचा. आणि पाटीची जाड ऋण तार सगळ्यात शेवटी. ती आधी काढली तर सगळा करंट बारीक तारांतून वाट काढायला बघतो आणि त्या जळतात. प्रज्ञा विचारत होती, लिहीत होती. गौतम काठी घेऊन, घामानं निथळत.

मग तांब्याच्या पट्ट्या. त्यासाठी पालथं वाकावं लागलं. माझी छाती सेलांपासून वीतभर. पट्टी निघाली की दोन्ही टोकांवर टेप, मग पुढची. आठव्या-नवव्या पट्टीला पाना निसटून माझा हात झटकला गेला आणि मी पुढं कलंडलो. छातीवरची कापडाची गाठ दोन उघड्या बोल्टांवर टेकली.

काही झालं नाही.

गौतमची काठी माझ्या खांद्याला लागली होती, त्यानं ढकलायला सुरुवातही केली होती. मी म्हटलं, "ठीक हाय." त्यानं काठी मागं घेतली. प्रज्ञा काही लिहीत नव्हती, पेन तसंच धरून उभी होती. मी कापड बघितलं. कोरडं, पांढरं. पुढची पट्टी काढली.

फुगलेला सेल लाकडी फळीवर घेऊन आम्ही दोघांनी पिंपात वाळूत ठेवला. बाकीच्या पेट्या मोकळ्या अंगणात ट्रकच्या हेडलाईटचे चोवीस व्होल्टचे जुने बल्ब दोन-दोन जोडून हळूहळू उतरवत ठेवल्या. त्याला वेळ लागतो, घाई केली की बॅटरी तापते. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडं परत आली. कुणाचं काही जळलं नाही, म्हणून कुणाला काही घडल्यासारखंही वाटलं नाही. आमच्या धंद्याचं असंच आहे. नीट झालेलं काम दिसत नाही.

दिसली ती डबी. मल्लण्णांनी समाजात सांगितलं ते त्यांना दिसलं तेवढंच: काशप्पानं उघड्यावर डबी उतरवून पोत्यावर ठेवली. पुढं बोलण्याबोलण्यात डबीचं लिंग झालं. मठातून अय्यांचा निरोप आला. गेलो. पंधरा-वीस माणसं बसलेली, मल्लण्णाही. अय्या म्हणाले, "लिंग कुठं हाय?"

मी कापड दाखवलं. त्यांनी गाठ सोडून बघितलं, परत बांधून दिलं. म्हणाले, "चांदी कुठं हाय?"

"घरी, पेटीत."

"परत घालणार?"

"न्हाई. काम चालू हाय तोपर्यंत न्हाई, आणि काम सुटल्यावर चांदी घालून कुणाला दाखवू?"

मल्लण्णा म्हणाले, "एवढ्यासाठी रीत मोडायची?"

मी म्हटलं, "अण्णा, ज्या दिवशी तुमच्या मिलमध्ये माझ्या जागी तुम्ही वाकाल, त्या दिवशी रीत मला शिकवा. पोट भरायला मी जे हातानं करतो, त्याला आपल्यात कायक म्हणतात. कायक करताना जीव जावा असं कुणी सांगितलेलं मला तरी माहीत न्हाई. कुठं लिहिलं असलं तर दाखवा, मी सावकाश वाचतो, पण वाचतो."

अय्यांनी पंगतीकडं हात केला. मग म्हणाले, "जेवून जा." दासोहाच्या, म्हणजे मठातल्या जेवणाच्या, पंगतीत बसलो. उजवीकडं अय्यांचा एक शिष्य बसला, डावीकडचा पाट रिकामा राहिला. तो अजून बऱ्याच ठिकाणी रिकामा राहतो.

पश्चात्ताप एकच. चांदी उतरवायला मला चारशे व्होल्ट आणि परक्याची पोरगी लागली. गौतम वीस वर्षं सांगत होता. तो माणूस काठी घेऊन उभा राहायचा आणि मी त्याला म्हणायचो, तुला काय कळतंय. हे मी त्याच्या तोंडावर अजून कबूल केलेलं नाही. तो वाचतो, वाचेल इथं.

राहिला समाज. माझ्या शेजारी बसायचं नसेल त्यानं बसू नये, मी हात पसरून जेवतो. पण लपवणार नाही. शर्टाचं वरचं बटण आता मी लावत नाही. कापडाची गाठ दिसते, शेजारचा भाजल्याचा डागही दिसतो. ज्याला विचारायचं असेल त्यानं दुकानात यावं, हायवेवरच आहे.